हिंगण्याचा राउटर आणि न वाचलेले पान

१/
१२ ऑगस्ट २०१४ रोजी जगाच्या निरनिराळ्या भागांत इंटरनेट अडखळले. काही सेवा मंदावल्या, काही तासन्‌तास बंद राहिल्या. ईबेसारख्या मोठ्या संकेतस्थळालाही झळ पोहोचली. समुद्रातली केबल तुटलेली नव्हती, कोणी हल्लाही केलेला नव्हता. जगभर वापरात असलेल्या काही जुन्या, दणकट राउटरांच्या स्मृतीतला एक कप्पा भरला होता, इतकेच. हा कप्पा लवकरच भरणार आहे आणि त्यावर उपाय काय, हे निर्मात्या कंपनीने तीन महिने आधीच लिहून प्रसिद्ध केले होते.

२/
ही गोष्ट हिंगण्याच्या संदर्भात सांगण्याचे कारण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्याचा खर्च १,३९,५७९ कोटी रुपये असून, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत राउटर बसवण्याची योजना त्यात आहे. नागपूरलगतचा हिंगणा तालुका त्यातलाच एक. माझे मत असे, की राउटरची क्षमता जेवढी त्याच्या पेटीत असते, तेवढीच त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत असते. ती पुस्तिका पेटीजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या भाषेत नसेल, तर विकत घेतलेली क्षमता पूर्णपणे आपल्या हाती येणार नाही. हे मत इतिहासाच्या आधारे मांडायचे आहे.

३/
राउटर म्हणजे काय, हे समजावून घेण्यासाठी परदेशी उदाहरण शोधण्याची गरज नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिन कोड सुरू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. दळणवळण मंत्रालयातले हे वरिष्ठ अधिकारी संस्कृतचे पंडित आणि कवीही होते. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता: एकाच नावाची गावे देशात अनेक, पत्ते लिहिले जातात वेगवेगळ्या लिप्यांत, अक्षर लागत नाही, आणि टपालाचे सॉर्टिंग करणाऱ्या कर्मचाऱ्याला देशातली प्रत्येक भाषा येणे अशक्य. या सर्वांवर त्यांनी काढलेले उत्तर अवघ्या सहा अंकांचे होते.

४/
हिंगण्याचा पिन ४४१११०. पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा. ४४ म्हटले की विदर्भ. ४४१ म्हटले की नागपूर शहराभोवतीचा आणि पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे जाणारा पट्टा. शेवटचे तीन अंक विशिष्ट टपाल कार्यालयाचे. कोलकात्याच्या सॉर्टिंग कर्मचाऱ्याला हिंगणा कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने आरंभीचे अंक पाहून पत्र योग्य दिशेच्या थैलीत टाकले, की त्याचे काम संपले. पत्र जसजसे जवळ येते, तसतसे पुढचे अंक वाचले जातात.

५/
राउटर नेमके हेच करतो. त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर पोहोचण्याचा पत्ता असतो. राउटर आपल्या मार्गसूचीत पाहतो, की या पत्त्याच्या आरंभीचा सर्वांत मोठा भाग कोणत्या नोंदीशी जुळतो. सूचीत ४४ ची आणि ४४१ ची अशा दोन्ही नोंदी असतील, तर तो ४४१ ची निवडतो आणि पॅकेट त्या दाराने पुढे पाठवतो. १९९३ मध्ये इंटरनेटने पत्त्यांची ही गटवार मांडणी अधिकृतपणे स्वीकारली, कारण प्रत्येक जाळ्याची स्वतंत्र नोंद ठेवता ठेवता सूच्या फुगत चालल्या होत्या. वेलणकरांची योजना तोवर २१ वर्षे जुनी झाली होती.

६/
फरक आहे तो वेगाचा. १ गिगाबिटच्या तारेवरून सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटच्या फ्रेम येत असतील, तर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार फ्रेम येतात. म्हणजे तितक्या वेळा पत्ता वाचणे, सूची पाहणे, दार निवडणे. त्याच तारेवरून १,५१८ बाइटच्या मोठ्या फ्रेम आल्या, तर हा आकडा सुमारे ८१ हजारांवर उतरतो. तार तीच, गिगाबिट तोच, पण राउटरच्या कष्टात अठरा पटींचा फरक. म्हणून ‘हा राउटर १ गिगाबिटचा आहे’ हे वाक्य अपुरे आहे. कोणत्या आकाराच्या पॅकेटांना तो १ गिगाबिटचा आहे, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

७/
आरंभीचे राउटर म्हणजे एक प्रकारचे संगणकच होते. पत्ता शोधण्याचे काम त्यांचा सर्वसाधारण प्रोसेसर आज्ञावलीच्या साहाय्याने करत असे. १९९८ मध्ये ज्युनिपर कंपनीचा एम४० हा राउटर आला. आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी प्रदीप सिंधू हे या कंपनीचे संस्थापक. एम४० मध्ये पॅकेट पुढे पाठवण्याचे काम त्यासाठीच घडवलेल्या चिपवर सोपवले होते, आणि त्याची क्षमता सेकंदाला ४ कोटी पॅकेटांची सांगितली जाई. निर्णय कसा घ्यायचा हे ठरवणारा मेंदू वेगळा आणि पॅकेट ढकलणारा हात वेगळा, अशी विभागणी तेव्हापासून मोठ्या राउटरांत रुळली.

८/
यापुढे आकड्यांची शर्यत लागली. २००४ मध्ये सिस्कोने सीआरएस-१ आणला. जाहिरातीतला आकडा होता ९२ टेराबिट. तो खोटा नव्हता, मात्र तो वाचावा लागे. एका कपाटात १६ खाचा, प्रत्येक खाच ४० गिगाबिटची. म्हणजे ६४० गिगाबिट. येणारी आणि जाणारी वाहतूक स्वतंत्र मोजली, की १.२८ टेराबिट. अशी ७२ कपाटे जोडली, त्यांना सांधणारी आणखी ८ कपाटे लावली, की ९२ टेराबिट. ज्याने एकच कपाट घेतले, त्याच्या दारात एका दिशेने ६४० गिगाबिटच येणार. हे सारे कागदपत्रांत स्पष्ट होते, शीर्षकात नव्हते.

९/
मार्च २०२४ मध्ये बंगळूरू येथे देशी बनावटीचा २.४ टेराबिट क्षमतेचा राउटर सादर झाला. ही अभिमानाचीच गोष्ट. तरीही सुजाण ग्राहकाने त्याला आणि कोणत्याही विदेशी पेटीला तेच प्रश्न विचारावेत: दोन्ही दिशा मिळून की एका दिशेने? कोणत्या आकाराच्या पॅकेटांवर? मार्गसूचीत किती नोंदी मावतात? सुरक्षेचे नियम लावल्यावर वेग किती उरतो? अशी परीक्षा कशी घ्यावी याची पद्धत १९९९ सालीच आरएफसी २५४४ या दस्तऐवजात लिहून ठेवलेली आहे. त्यात ६४ पासून १,५१८ बाइटपर्यंतचे सात आकार दिले आहेत. परीक्षा तयार आहे. ती घेण्याची अट घालणे ग्राहकाच्या हाती आहे.

१०/
आता पुन्हा १२ ऑगस्ट २०१४ कडे येऊ. त्या जुन्या राउटरांत टीकॅम नावाची अतिजलद स्मृती होती. तिच्यात जुन्या पद्धतीच्या पत्त्यांच्या सुमारे १० लाख नोंदी मावू शकत. पण कारखान्यातून बाहेर पडताना तिची वाटणी अशी केलेली असे, की या पत्त्यांना सुमारे ५ लाख १२ हजार नोंदींची जागा मिळे आणि उरलेली जागा मुख्यतः नव्या आयपीव्ही६ पत्त्यांसाठी राखलेली असे. जगाची मार्गसूची त्या सीमेच्या अगदी जवळ पोहोचली होती. त्या दिवशी व्हेरायझनच्या जाळ्यातून सुमारे १५ हजार जादा नोंदी थोड्या वेळासाठी बाहेर पडल्या आणि अनेक ठिकाणी सीमा ओलांडली गेली.

११/
कप्पा भरला, की उरलेल्या नोंदींचे काम चिपकडून सर्वसाधारण प्रोसेसरकडे जाते आणि तो त्या ओझ्याखाली वाकतो. उपाय होता वाटणी बदलणारी एक आज्ञा देऊन राउटर पुन्हा सुरू करण्याचा. नवी यंत्रसामग्री लागत नव्हती. क्षमता पेटीत पहिल्या दिवसापासून होती. ती मोकळी करणारी ओळ पुस्तिकेत होती. ज्यांनी ती वाचली होती, त्यांच्या जाळ्यांना हा दिवस इतर दिवसांसारखाच गेला. ज्यांनी वाचली नव्हती, त्यांचा महागडा राउटर अर्ध्याच क्षमतेने जगत होता, आणि हे त्यांना तो कोलमडल्यावर कळले.

१२/
तांत्रिक दस्तऐवज हा इंटरनेटच्या इतिहासातला दुय्यम विषय समजला जातो. वस्तुस्थिती उलट आहे. १९६९ मध्ये बीबीएन या अमेरिकन कंपनीने आर्पानेटसाठी आयएमपी हे यंत्र बनवले. आजच्या राउटरचा तो पूर्वज. यंत्राबरोबर तिने ‘अहवाल १८२२’ दिला. विद्यापीठातला संगणक या यंत्राला कसा जोडावा, याचे संपूर्ण वर्णन त्यात होते. निरनिराळ्या विद्यापीठांत निरनिराळ्या बनावटीचे संगणक होते. त्या त्या ठिकाणच्या लोकांनी हा अहवाल वाचून आपापली जोडणी घडवली. यंत्र एका कंपनीचे राहिले, पण जाळे अनेकांचे झाले, ते या अहवालामुळे.

१३/
त्याच वर्षी ७ एप्रिलला स्टीव्ह क्रॉकर यांनी आरएफसी मालिकेतला पहिला दस्तऐवज लिहिला. कोणीही वाचावे, कोणीही शंका काढावी, असा या मालिकेचा बाणा आजतागायत टिकून आहे. जगातली मोठी जाळी एकमेकांना आपले मार्ग ज्या नियमांनी कळवतात, त्या बीजीपीची गोष्टही अशीच. जानेवारी १९८९ मध्ये कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या वेळी कागदी रुमालांवर त्याचा आराखडा काढला. जूनमध्ये तो आरएफसी ११०५ म्हणून सर्वांपुढे आला. रुमालावरचे टिपण सहा महिन्यांत सार्वजनिक दस्तऐवज झाले, म्हणूनच निरनिराळ्या कंपन्यांचे राउटर एकमेकांशी बोलू लागले.

१४/
महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. १९८६ मध्ये भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने अर्नेट हे शैक्षणिक जाळे उभे राहू लागले. त्यातल्या आठ संस्थांपैकी दोन मुंबईच्या होत्या: आयआयटी आणि राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. १९९२ मध्ये या केंद्रातून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत ६४ किलोबिटची जोडणी सुरू झाली. जनतेसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, पिन कोडच्या तारखेलाच. १ गिगाबिटची साधी तार आज त्या १९९२ च्या दुव्याच्या १५,६२५ पट रुंद आहे. दुवा रुंदावला, तो समजून घेणाऱ्यांचे वर्तुळ त्या मानाने रुंदावले का, हा खरा प्रश्न.

१५/
पुस्तिकेचे मोल कंपन्या मात्र पुरते जाणतात. २००३ मध्ये सिस्कोने हुआवेवर खटला भरला, तेव्हा आज्ञावलीच्या नकलेबरोबर तांत्रिक पुस्तिकांची नक्कल हाही आरोप होता; २००४ मध्ये ते प्रकरण मिटले. २०१४ मध्ये अरिस्टावर भरलेल्या खटल्यात वाद राउटरला दिल्या जाणाऱ्या पाचशेहून अधिक आज्ञांच्या शब्दांचाही होता. २०१८ मध्ये ४० कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्या मजकुरासाठी कंपन्या वर्षानुवर्षे न्यायालयात झगडतात, तो मजकूर आपल्या निविदांमध्ये कोठे असतो? पेटीची किंमत ओळीओळीने ठरते, आणि पुस्तिकेची भाषा कोणती असावी, याचा विचार सहसा कोणाच्या मनातही येत नाही.

१६/
आता भारतनेटकडे वळू. २०११ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या योजनेत तालुक्याच्या ठिकाणी एक मुख्य यंत्र असे आणि तेथून झाडाच्या फांद्यांप्रमाणे फायबर ग्रामपंचायतींकडे जाई. गावातली पेटी ही वाटेचे शेवटचे टोक होती. रस्ता खणताना फायबर तुटले, की टोक अंधारात. सुधारित कार्यक्रमात फांदीऐवजी कडे आहे: तालुक्यातून निघालेले फायबर एका गावातून दुसऱ्या गावात जात पुन्हा तालुक्याला येऊन मिळते. एका बाजूने तुटले, तर दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहते. त्यासाठी प्रत्येक गावात वाट निवडणारे यंत्र लागते. टोकाचे गाव आता चौक झाले आहे.

१७/
या कड्यात एमपीएलएस ही पद्धत वापरायची आहे. तिचे उदाहरणही टपालातलेच घ्यावे. रेल्वे टपाल सेवेतली बंद थैली मधल्या स्थानकावर उघडली जात नाही. तिच्यावरचे लेबल पाहून ती पुढच्या गाडीत चढवली जाते. एमपीएलएसमध्ये आरंभीचा राउटर पॅकेटवर एक लहान लेबल लावतो, आणि मधले राउटर पूर्ण पत्ता न उलगडता लेबलावरून त्याला पुढे धाडतात. ठरावीक थैलीसाठी ठरावीक वाट आधीच आखता येते आणि वाट बंद पडल्यास पर्यायी वाटही तयार ठेवता येते. योजना उत्तम आहे, याविषयी मला शंका नाही.

१८/
शंका आहे ती पुढच्या पायरीची. कड्याचा गुण हाच त्याचा धोकाही आहे. फांदीचे फायबर तुटले, तर गाव ताबडतोब ओरडते. कड्याचे फायबर एका जागी तुटले, तर कोणालाच काही जाणवत नाही. सातबाराचा उतारा निघत राहतो, दाखले छापले जातात. फक्त राउटरवरचा एक दिवा रंग बदलतो किंवा विझतो. त्या दिव्याचा अर्थ कोणी वाचला नाही आणि काही आठवड्यांनी कडे दुसऱ्या जागी तुटले, की मधली सारी गावे एकदम तुटतात. पहिला बिघाड मुका असतो. त्याची भाषा पुस्तिकेतच लिहिलेली असते.

१९/
यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: दूरवरचा नियंत्रण कक्ष हे सारे पाहतोच, फायबरवर लांबून नजर ठेवण्याची व्यवस्था आणि दहा वर्षांची देखभालही योजनेत आहे. मान्य. परंतु कक्षाला बिघाड दिसला, तरी हात गावातच लागतो. बॅटरी उतरली आहे की तार सुटली आहे, पेटीचा पंखा धुळीने बसला आहे की कोणी प्लग काढून दुसरे काही लावले आहे, हे पेटीसमोरचा माणूसच सांगू शकतो. विदर्भातल्या मे महिन्यात बंद खोलीतल्या पेटीचे तापमान कोठवर जाईल आणि पुस्तिकेत कमाल मर्यादा किती दिली आहे, ही तुलनाही तेथेच व्हायची. तो माणूस आयटीआय झालेला तरुण असेल किंवा ग्रामपंचायतीतला संगणक चालक. फोनवरच्या अभियंत्याशी तो मराठीतच विचार करून बोलणार.

२०/
‘तंत्रज्ञानाची भाषा इंग्रजीच’ असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर सोपे आहे. राउटरला द्यायच्या आज्ञा इंग्रजीत आहेत, त्या तशाच राहू द्या. राउटर, पोर्ट, फायबर, कार्ड हे शब्दही मराठी झालेच आहेत. शिवाजी महाराजांच्या काळी रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि फारसी शब्दांना पर्याय दिले. त्या काळाची ती गरज होती. आजची गरज निराळी आहे. प्रत्येक शब्दाला संस्कृत प्रतिशब्द घडवत बसलो, तर पुस्तिका कोणालाच कळणार नाही. शब्द रुळलेले घ्या, वाक्य मराठी लिहा: हा दिवा विझला तर काय समजावे, कशाला हात लावावा, कशाला लावू नये, कोणाला कळवावे.

२१/
याला कायद्यातले उदाहरण आहे. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे औषधासोबतचे माहितीपत्रक हिंदी आणि इंग्रजीबरोबर त्या भागातल्या भाषेतही असावे लागते. जे हाताळायचे आहे, ते हाताळणाऱ्याच्या भाषेत असावे, हे तत्त्व आपण निम्म्या शतकापूर्वीच मान्य केले. त्याचबरोबर त्या पत्रकाची दशाही आपण पाहतो: मुंगीएवढ्या अक्षरांत दाटून छापलेला मजकूर, जो शेतात उभ्या माणसाला वाचताच येत नाही. तेव्हा केवळ ‘मराठीत हवे’ अशी अट पुरेशी नाही. वाचता येईल, उपयोगी पडेल आणि पेटीजवळच सापडेल, असे हवे.

२२/
म्हणून मागण्या नेमक्या करतो. पहिली: प्रत्येक ग्रामपंचायतीतल्या पेटीच्या दारावर ठळक मराठीत एक पान असावे, त्यात दिव्यांचा अर्थ आणि प्रथमोपचार. दुसरी: त्या राउटरची खरी मर्यादा, म्हणजे नोंदी किती, तापमान किती, लहान पॅकेटांवर वेग किती, हे चाचणीच्या निकालासह तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध असावे. तिसरी: मराठी पुस्तिकेचा हक्क पुरवठादाराकडे न राहता सार्वजनिक असावा, म्हणजे कंत्राट बदलले तरी ज्ञान गावात राहील. सुरक्षेची सबब येथे लागू नाही. गुप्त ठेवायचे असतात ते पासवर्ड. दिव्याचा अर्थ हे गुपित नव्हे.

२३/
हे काम हिंगण्यातूनच सुरू होऊ शकते. एकीकडे एमआयडीसी आहे, दुसरीकडे वानाडोंगरीच्या परिसरात अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारी हजारो मुले आहेत. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून कोणा गटाने एका राउटरची पुस्तिका मराठीत उतरवली आणि ती शेजारच्या ग्रामपंचायतीत प्रत्यक्ष वापरून तपासली, तर त्याचे मोल बाजारातून विकत आणलेल्या तयार प्रकल्पापेक्षा कितीतरी अधिक असेल. पुस्तिका लिहिताना यंत्र खरे कळते. ज्याला दुसऱ्याला समजावता येत नाही, त्याला ते स्वतःलाही पुरते समजलेले नसते.

२४/
शेवट वेलणकरांकडे परत जाऊन करतो. पोस्टकार्डावर आणि आंतर्देशीय पत्रावर पत्त्याखाली सहा लहान चौकोन छापलेले असत. ते चौकोन म्हणजेच त्या प्रचंड व्यवस्थेची तांत्रिक पुस्तिका होती, आणि ती पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या हाती होती. शाळकरी मुलालाही कळे, की येथे अंक भरायचे. गावोगावच्या लाल पेट्यांवरही पिन रंगवलेला असे. व्यवस्था किती मोठी आहे हे सांगण्यापेक्षा ती वापरायची कशी, हे तिने आधी सांगितले. ४४१११० च्या पत्त्यावर येणाऱ्या नव्या पेटीकडूनही तेवढीच अपेक्षा आहे.

(धागा समाप्त. आपल्या ग्रामपंचायतीतल्या पेटीवर मराठीत काही लिहिलेले आहे का, ते एकदा पाहून येथे जरूर सांगा.)